सहा मिनिटांचा नकार: ‘आय ॲम नॉट इन लव्ह’ कसे ऐकावे

‘टेन सीसी’ या इंग्लिश बँडचे ‘आय ॲम नॉट इन लव्ह’ हे गाणे १९७५ साली प्रसिद्ध झाले. ते ज्यांच्या मनात घर करून बसते, त्यांना ते स्वतः ऐकून समाधान होत नाही, दुसऱ्यालाही ऐकवावेसे वाटते. आणि नेमकी तिथेच अनेकदा निराशा पदरी पडते. ऐकणारा ‘छान आहे, शांत आहे’ असे म्हणतो आणि दुसऱ्याच मिनिटाला फोनमध्ये डोके घालतो. दोष ऐकणाऱ्याचा नसतो. हे गाणे इतके मऊ आहे, की लक्ष दिले नाही तर ते पार्श्वसंगीतासारखे कानावरून वाहून जाते, आणि लक्ष कुठे द्यायचे हे कोणी सांगितलेले नसते. म्हणून हे गाणे पहिल्यांदा ऐकणाऱ्यासाठी, तसेच वर्षानुवर्षे त्यावर जीव लावूनही ‘यात असे आहे तरी काय’ या प्रश्नावर अडखळणाऱ्यासाठी, ते ऐकण्याची एक रीत येथे सांगत आहे.

या रीतीचे सूत्र एवढेच आहे, की गाण्यातले शब्द आणि त्यामागचा सूर वेगवेगळे ऐकायचे. शब्द सहा मिनिटे एकच गोष्ट नाकारत राहतात आणि सूर सहा मिनिटे तीच गोष्ट कबूल करत राहतो. या गाण्यावरचे प्रेम पन्नास वर्षे टिकण्याचे कारण माझ्या मते या दोहोंच्या ओढाताणीत आहे.

कोणती आवृत्ती, कोणत्या साधनावर

सर्वांत आधी पूर्ण लांबीची आवृत्ती शोधावी. ‘द ओरिजिनल साउंडट्रॅक’ या अल्बमवरील गाणे सहा मिनिटांहून किंचित मोठे आहे. रेडिओसाठी आणि अमेरिकेतील बाजारासाठी त्याची छाटलेली रूपेही निघाली, आणि जुन्या गाण्यांच्या संग्रहांत पुष्कळदा तीच सापडतात. गाणे चार मिनिटांच्या आत संपत असेल, तर ते बाजूला ठेवून दुसरे शोधावे. या गाण्यात घाई नसणे हाच आशयाचा भाग आहे. कापलेल्या रूपात नकार देणारा माणूस थोडक्यात बोलून मोकळा होतो, पूर्ण रूपात मात्र त्याला विषय सोडवत नाही.

फोनच्या स्वतःच्या स्पीकरवर हे गाणे ऐकू नये. त्यातला ठोका फार खालच्या पट्टीतला आहे, तो तिथे हरवतो. एकाच डबीतून वाजणारा छोटा ब्लूटूथ स्पीकरही डावी-उजवी बाजू एकत्र करून टाकतो. साधे, वायर असलेले, कानावर नीट बसणारे हेडफोन पुरतात. महागड्या यंत्राची गरज नाही. वेळ मात्र रात्रीची निवडावी, पंखा बंद करता आला तर करावा, कारण आपण जे ऐकणार आहोत त्यातला सर्वांत मोलाचा थर अगदी मंद आहे.

पहिल्या खेपेला काहीच करू नये

पहिल्यांदा गाणे सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकावे, मध्ये थांबवू नये, शब्द शोधू नयेत, माहिती वाचू नये. ज्यांनी ते शंभरदा ऐकले आहे त्यांनीही ही खेप गाळू नये. शेवटी आवाज हळूहळू विरत जातात. ते पूर्ण विरेपर्यंत बसून राहावे आणि नंतरची शांतताही काही क्षण ऐकावी.

दुसरी खेप आवाजांसाठी

आता गायकाकडे दुर्लक्ष करावे. हे सोपे नाही, कारण एरिक स्टुअर्टचा आवाज जवळचा आणि हळवा आहे आणि कान आपोआप त्याच्याकडे ओढला जातो. तरीही प्रयत्नपूर्वक कान त्याच्या मागे न्यावा. तिथे धुक्यासारखा एक ‘आ’कार पसरलेला आहे. तो व्हायोलिनचा ताफा वाटतो, कधी ऑर्गन वाटतो, कधी दूरच्या चर्चमधला वृंद वाटतो. तो यांपैकी काहीही नाही. ते तीन माणसांचे आवाज आहेत.

येथे थोडी हकीकत सांगणे भाग आहे, कारण ती कळल्यावर कान वेगळे ऐकू लागतो. मँचेस्टरजवळच्या स्टॉकपोर्ट गावात स्ट्रॉबेरी स्टुडिओ नावाचा स्टुडिओ होता आणि बँडमधले चौघे, म्हणजे एरिक स्टुअर्ट, ग्रॅहम गोल्डमन, केव्हिन गॉडली आणि लोल क्रीम, तिथे घरच्यासारखे काम करत. स्टुअर्ट आणि गोल्डमन यांनी हे गाणे रचले तेव्हा त्याचा ठेका ब्राझीलच्या बोसा नोव्हाचा होता आणि साथीला गिटार होत्या. ते ध्वनिमुद्रितही झाले. ते कोणालाच फारसे भावले नाही, गॉडलीला तर मुळीच नाही, आणि ते मोडीत काढण्यात आले. पुढे मात्र स्टुडिओत काम करणारी माणसे तीच चाल गुणगुणताना दिसू लागली, तेव्हा पुन्हा विचार झाला, आणि ज्या गॉडलीने ते झिडकारले होते त्यानेच सुचवले, की वाद्ये बाजूला ठेवून ते आवाजांवर उभे करून पाहावे.

बँडमध्ये माणसे चार. मोठा गायकवृंद आणायचा कुठून? त्यांनी तो एकेक धागा विणावा तसा विणला. गोल्डमन, गॉडली आणि क्रीम हे तिघे एकच स्वर ‘आ’कारात धरून गात आणि स्टुअर्ट यंत्रावर बसून ते टिपत असे. एकेका स्वरासाठी तिघांनी १६ वेळा गायचे, म्हणजे त्या एका स्वराचे ४८ आवाज झाले. मग पुढचा स्वर. सप्तकातले कोमल-तीव्र धरून सगळे १२ स्वर असेच भरले, आणि या कामात सुमारे तीन आठवडे गेले. या हिशेबातली एक गोष्ट मला फार हृद्य वाटते: प्रत्येक स्वराच्या ४८ आवाजांपैकी १६ आवाज गॉडलीचे आहेत. ज्याने आधी हे गाणे नाकारले, त्याचाच श्वास त्याच्या तिसऱ्या हिश्शात भरलेला आहे.

माणसाचा दम संपतो, स्वर मात्र हवा तितका लांब चालायला हवा होता. ही अडचण क्रीमच्या सूचनेवरून सोडवली गेली. प्रत्येक स्वराच्या टेपचा तुकडा कापून त्याची दोन टोके जोडली आणि सुमारे १२ फूट घेराचे वेटोळे केले. ते रेकॉर्डरच्या हेडवरून, मायक्रोफोनच्या स्टँडवर बसवलेल्या चाकावरून ताणून फिरवले की तो स्वर न थांबता वाजत राही. टेप जिथे जोडलेली असते तिथे बारीकसा खटका येतो. पण वेटोळी लांब असल्याने तो क्वचित येई, आणि वेगवेगळ्या स्वरांचे खटके एकाच क्षणी आले नाहीत तर बाकीच्या आवाजात बुडून जात.

अशा रीतीने १२ स्वर मिक्सिंगच्या टेबलावर १२ पट्ट्यांवर आले. आवाज वर-खाली करणाऱ्या त्या सरकत्या खुंट्या म्हणजे जणू पेटीच्या पट्ट्याच झाल्या. चौघेही टेबलाभोवती बसले आणि गाण्याच्या चालीबरोबर तीन-चार खुंट्या एका वेळी वर सरकवत, दुसऱ्या खाली आणत, त्यांनी तो वृंद बोटांनी ‘वाजवला’. म्हणूनच हे आवाज गायकवृंदासारखे अचानक सुरू होत नाहीत किंवा थांबत नाहीत. ते फुगतात आणि ओसरतात. दुसऱ्या खेपेला नेमके हेच ऐकावे: एका ओळीचा रंग बदलताना जुना स्वरमेळ मावळत असतो आणि त्याच वेळी नवा उगवत असतो, आणि त्या दोहोंच्या मधला क्षण कोणत्याच पट्टीवर बोट ठेवून सांगता येत नाही.

याहून बारीक गोष्ट पुढेच आहे. स्टुअर्टने त्या खुंट्यांच्या तळाशी चिकटपट्टी लावली होती, त्यामुळे कोणतीही खुंटी पूर्ण शून्यावर जाऊच शकत नव्हती. परिणामी बाराही स्वर गाणे चालू असताना सतत, अगदी मंद, वाजतच राहतात. श्वासासारखी एक सळसळ मागे असते. आपल्याकडे तानपुऱ्यावर वाढलेल्या कानाला हे लवकर उमगेल. मैफलीत तानपुरा जसा ‘ऐकू’ येत नाही पण थांबला की एकदम उघडे पडल्यासारखे वाटते, तसे या सळसळीचे आहे. फरक मोठा आहे आणि तोही ध्यानात घ्यावा. तानपुरा गायकाला आधाराचा षड्ज देतो. येथे मात्र बाराही स्वर एकदम दबलेले आहेत, म्हणजे जे जे बोलता आले असते ते सगळे ओठांशी येऊन थांबले आहे. ही शेवटची कल्पना माझी आहे, पण एकदा तसे ऐकल्यावर मला दुसरे काही ऐकू येत नाही.

या खेपेत ठोक्याकडेही एकदा लक्ष द्यावे. तो खऱ्या ढोलाचा नाही. मूग सिंथेसायझरवर, म्हणजे विजेच्या साह्याने ध्वनी घडवणाऱ्या वाद्यावर, गॉडलीने तो खोल, गोल आवाज वाजवला आहे. त्याच्या जोडीला स्टुअर्टचा फेंडर ऱ्होड्स, म्हणजे घंटेसारख्या नादाचा इलेक्ट्रिक पियानो, आणि गोल्डमनची हलकी गिटार आहे. बाकी सगळी जागा आवाजांची. छातीत ऐकू येणाऱ्या ठोक्यासारखा तो ठोका अखंड चालतो, आणि वर माणूस सांगत असतो की त्याला काहीही झालेले नाही.

तिसरी खेप शब्दांसाठी

आता शब्द समोर घ्यावेत. इंग्रजी साधे आहे. स्टुअर्टने या गाण्याचा उगम सांगितला आहे, तो असा: ‘माझ्यावर प्रेम आहे असे तू वारंवार का म्हणत नाहीस,’ असे त्याच्या पत्नीने त्याला विचारले होते. सतत म्हटल्याने त्या शब्दांचा अर्थ झिजून जाईल असे त्याला वाटत होते. मग त्याने उलट्या बाजूने जायचे ठरवले. ‘प्रेम नाही’ असे म्हणायचे आणि प्रेम असल्याची कारणे मात्र एकेक करून देत जायचे.

मराठी वाचकाने येथे शाळेतले व्याकरण आठवावे. खरे कारण लपवून भलतेच कारण पुढे करणे याला आपण व्याजोक्ती अलंकार म्हणतो; निरोपाच्या क्षणी भरलेले डोळे पुसताना ‘डोळ्यांत काहीतरी गेले’ असे म्हणणारे माणूस हे त्याचे नेहमीचे उदाहरण. हे संपूर्ण गाणे म्हणजे एक लांबवलेली व्याजोक्ती आहे. ही केवळ एक लहर आहे, निघून जाईल, असे तो म्हणतो. मी फोन केला म्हणून त्याचा मोठा अर्थ काढू नकोस, असे बजावतो. भेटायला आवडेल, पण म्हणून तू माझ्यासाठी फार कोणी आहेस असे नाही. मैत्रिणींना आपल्याबद्दल सांगू नकोस. प्रत्येक वाक्यात नकाराच्या आधी एक कबुली येऊन गेलेली असते: फोन केला आहे, भेटायचे आहे, सांगण्याजोगे ‘आपल्या दोघांचे’ काहीतरी आहे.

पुढची ओळ सर्वांत प्रसिद्ध आहे. भिंतीवर तुझे छायाचित्र लावले आहे, ते तिथला एक घाणेरडा डाग झाकण्यासाठी, असे तो सांगतो, आणि लगेच जोडतो की ते परत मागू नकोस. डागाची गोष्ट कल्पित नाही. स्टुअर्टच्या मँचेस्टरमधल्या आईवडिलांच्या घरी त्याच्या खोलीतल्या भिंतीवर खरोखर असा दोष होता आणि तो त्याने पत्नीच्या छायाचित्राने झाकला होता. डाग झाकायला कॅलेंडरही चालले असते. परत मागू नकोस या तीन शब्दांत सगळे बिंग फुटते.

सहज निसटणारी आणखी एक जागा आहे. पहिल्या कडव्याच्या शेवटी तो पुन्हा नकार उच्चारतो आणि ‘कारण’ असे म्हणून थांबतो. वाक्य तिथेच सुटते. ते कारण पुढे गाण्यात कुठेही येत नाही. त्या क्षणी गायकाकडून कान काढून पुन्हा मागच्या आवाजांकडे न्यावा. अर्धे राहिलेले वाक्य ते पुरे करत आहेत असे माझे ठाम मत आहे, आणि या गाण्यावर जीव असलेल्या माणसाला मी नेहमी हीच जागा आधी दाखवतो.

गाण्याच्या मध्यावर एक वेगळा भाग येतो. ठोका मागे सरतो आणि एक स्त्री कुजबुजते, ‘गप्प राहा, मोठी मुले रडत नाहीत.’ हे वाक्य क्रीमने पियानोच्या मायक्रोफोनपाशी सहज उच्चारलेले होते आणि सगळ्यांना ते आवडले होते, पण त्याला आवाज मिळत नव्हता. तेवढ्यात स्टुडिओच्या सचिव दार किलकिले करून स्टुअर्टला फोन आल्याचे हळू आवाजात सांगायला आल्या, आणि आवाज सापडला. त्या आधी तयार नव्हत्या. गायिका नव्हत्या, अभिनेत्रीही नव्हत्या. त्या कुजबुजण्यात नाटकीपणा नाही तो यामुळेच. आपल्याकडेही ‘मुलासारखा मुलगा आणि रडतोस काय’ हे वाक्य किती मुलांनी ऐकले आहे! ते वाक्य येथे रागाने येत नाही, मायेने येते, आणि म्हणून अधिक खोल रुतते. सहा मिनिटे नकार देणारा हा माणूस असा का झाला, याचे उत्तर गाण्याने एवढ्याशा वाक्यात दिले आहे. याच भागात खेळण्यातल्या संगीतपेटीचा किणकिणाटही ऐकू येतो. तो दोनदा टिपून एकमेकांवर बसवला आहे, त्यामुळे हेडफोनवर तो डोक्याभोवती फिरल्यासारखा वाटतो. मोठ्या मुलाच्या आत लहान मूल आहे, हे सांगायला याहून वेगळे वाद्य लागले नसते.

लोकांनी ते कसे जपले

इतिहास थोडक्यात जाणून घेतला तरी पुरे. अल्बममधून पहिल्यांदा दुसरेच गाणे एकल तबकडी म्हणून काढले गेले होते. हे गाणे फार लांब आहे अशी शंका होती. ते मे १९७५ मध्ये निघाले आणि जूनच्या अखेरीस ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर जाऊन दोन आठवडे राहिले. अमेरिकेत ते सलग तीन आठवडे दुसऱ्या क्रमांकावर अडकले आणि त्या तिन्ही आठवड्यांत त्याच्या वर प्रत्येक वेळी वेगळे गाणे होते. त्याला गीतरचनेसाठीचे तीन ब्रिटिश ‘आयव्हर नोव्हेलो’ पुरस्कार मिळाले. १९७६ मध्ये गॉडली आणि क्रीम बाहेर पडले आणि ही चौकडी फुटली. आपल्या वाचकांपैकी अनेकांना स्टुअर्ट आणि गोल्डमन यांचे नंतरचे एक गाणे ठाऊक असेल, ज्यात ‘मला क्रिकेट आवडत नाही’ असे म्हणून क्षणभराने ‘मी त्यावर प्रेम करतो’ अशी पुस्ती जोडलेली आहे. १९७८ च्या त्या ओळीत नकार एका श्वासात उलटतो, येथे तो कधीच उलटत नाही.

स्ट्रॉबेरी स्टुडिओ १९९३ मध्ये बंद झाला. २०१७ मध्ये त्याच्या पन्नाशीनिमित्त स्टॉकपोर्टच्या संग्रहालयात प्रदर्शन भरले, त्याच्या नावात या गाण्याचे शीर्षक नकार काढून, ‘मी प्रेमात आहे’ असे वापरले होते. गावाने बेचाळीस वर्षांनी ते अर्धे वाक्य पुरे केले, असेच मला ते नाव वाचताना वाटले.

नव्या पिढीला हे गाणे बहुधा २०१४ च्या ‘गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी’ या चित्रपटामुळे भेटले असेल. सुरुवातीच्या प्रसंगात रुग्णालयात एक लहान मुलगा कानांना वॉकमन लावून हे गाणे ऐकत बसलेला असतो आणि आत त्याची आई शेवटच्या घटका मोजत असते. मोठी मुले रडत नाहीत, हे वाक्य माहीत असलेल्याला तो प्रसंग दुप्पट लागतो.

इतरांनी गायलेली रूपेही जरूर ऐकावीत, पण मूळ गाणे मुरल्यावर. गायिका डायना क्रॉलचे २०१५ मधले रूप ‘वॉलफ्लॉवर’ या अल्बमवर आहे. तिचा आवाज सुंदर आहे. तरी ऐकताना काय कमी आहे ते स्वतःला विचारावे. मागचे आवाज नसले की शब्दांना खोटे पाडणारे कोणी उरत नाही, आणि मग गाणे खिन्न वाटते, पण लपवाछपवीचे राहत नाही.

दुसऱ्याला ऐकवताना

आधी काहीही सांगू नये, ४८ आवाजांचा हिशेब तर मुळीच नाही. आकडे आधी सांगितले की माणूस मोजत बसतो. पहिली खेप निमूटपणे होऊ द्यावी. नंतर फक्त विचारावे, ‘मागे काय वाजत होते?’ बहुतेक लोक व्हायोलिन किंवा ऑर्गन म्हणतात. मग हकीकत सांगावी आणि पुन्हा लावावे. घरातल्या वडीलधाऱ्यांना इंग्रजी अडत असेल तर सगळ्या शब्दांचे भाषांतर करत बसू नये. छायाचित्र आणि डागाची ओळ तेवढी सांगावी. संसारात चाळीस वर्षे काढूनही ‘प्रेम’ हा शब्द एकदाही न उच्चारलेल्या माणसांना ती ओळ समजावून सांगावी लागत नाही.

शेवटी एक प्रयोग सुचवतो. घरी पेटी असेल तर चार-पाच जणांनी तिच्याभोवती बसावे. कोणी सा, कोणी गंधार, कोणी पंचम असा एकेक स्वर वाटून घ्यावा आणि फक्त ‘आ’कारात, मंद आवाजात धरून ठेवावा. एकाच वेळी कोणी श्वास घेऊ नये. शेजाऱ्याचा स्वर चालू आहे हे पाहून आपला श्वास घ्यावा, म्हणजे टेपच्या जोडांसारखेच आपले खंड एकमेकांच्या आवाजात झाकले जातात. भजनात टाळकऱ्यांच्या मागे उभे राहून साथ केलेल्यांना हे लगेच जमेल. मग एकाने हाताने खूण करावी: तळहात वर नेला की त्या व्यक्तीने आवाज वाढवायचा, खाली आणला की कमी करायचा, पण पूर्ण थांबायचे नाही. दोन-तीन मिनिटांत खोलीतली हवाच भरून आल्यासारखी होते. त्याच वेळी गटातल्या एकाने सगळ्यांच्या मधोमध बसून, साध्या बोलण्याच्या आवाजात, ‘माझे तसे काही नाही’ एवढेच म्हणून पाहावे.